झोपलेला देवमासा

देवमासे बघायला आलेल्या माणसांच्या हातात आधी उलटीसाठी कागदी पिशवी द्यायची, मग त्यांना नारंगी जॅकेट चढवायचं, आणि हे सगळं हसतमुखाने करायचं, ही माझी नोकरी. त्या सकाळी मी पिशव्या वाटल्या, जॅकेटांचे पट्टे आवळले, पण तोंडावर हसू काही आणता येईना. टोपी घातलेले एक आजोबा म्हणाले, "काय मॅडम, चेहरा का उतरलाय? आज दिसणार नाही वाटतं देवमासा?"

"दिसेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, देवमासा गेला खड्ड्यात.

माझा धाकटा भाऊ समुद्रात हरवला होता. तो आणि त्याचा जोडीदार लंबू आमची छोटी होडी घेऊन मासे धरायला गेले, दुपारी वादळ उठलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या होड्या परतल्या तरी त्यांची आली नाही. गस्तीची बोट दोन दिवस फिरली. हेलिकॉप्टरही घिरट्या घालून गेलं. मग गस्तीचा साहेब आमच्या स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात धरून उभ्याउभ्याच म्हणाला की शोध आता कमी करण्यात येतोय. कमी म्हणजे बंद, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. मी त्याला म्हटलं, "साहेब, तुमचा भाऊ असता तर?" बाबा म्हणाले, "चहा घेऊन जा." मला बाबांचा इतका राग आला की कप मी ओट्यावर आपटला आणि त्याचा कान तुटला.

आमच्याकडे होडी ती एकच. बाकीच्यांच्या होड्या वादळाने खिळखिळ्या करून टाकल्या होत्या, त्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. समुद्रात जाणारी बोट उरली फक्त आमच्या मालकाची, पर्यटकांना देवमासे दाखवणारी. मालक म्हणाला, "घरी थांब हवं तर, मी समजू शकतो." मी म्हटलं, "नको, येते." त्याला वाटलं असणार, काय कामसू बाई आहे. मला फक्त त्या पाण्यावर जायचं होतं. बाकीचे देवमासे शोधतील, मी माझा भाऊ शोधेन, एवढाच हिशेब.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बंदराच्या डोक्यावर टेकडी आहे, आणि टेकडीवर एक लाकडी खोली. समोरच्या भिंतीला आडवी लांब खिडकी, तिच्यापुढे तिकाटण्यावर मोठी दुर्बीण, बाजूला वायरलेस. तिथे माझे बाबा बसतात. जन्मभर मासेमारी केली आणि गुडघे गेल्यावर हे काम धरलं. देवमासा श्वास सोडायला वर आला की पाण्याचा फवारा उडतो. बोटीवरच्या माणसाला तो दिसेपर्यंत विरूनही जातो, पण टेकडीवरून दिसतो. मग बाबा वायरलेसवर सांगणार आणि कप्तान तिकडे बोट वळवणार. कप्तानाचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बाबांच्या डोळ्यांवर जास्त भरवसा. मी त्यांना चिडवायची, "उंटावरून शेळ्या हाकायचा पगार मिळतो तुम्हाला." ते म्हणायचे, "शेळ्या केवढ्या आहेत ते बघ की." पण एक खरं, देवमासा नसताना तो आहे असं बाबांनी कधी म्हणजे कधी सांगितलं नाही. शंका असली तरी गप्प बसायचे. पर्यटक कंटाळले, मालक करवादला, तरी गप्प.

आदल्या दिवशी, शोध अजून चालू होता तेव्हा, बाबांनी गस्तीला हाक दिली होती. लांब काहीतरी काळं तरंगतंय म्हणाले. गस्तीची बोट धावत गेली, बघते तर झाडाचा ओंडका, वादळात वाहून आलेला. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं वायरलेसवर म्हणाला, "काका, डोळ्यांना जरा विश्रांती द्या." आमच्या मालकाने त्याच्यावर कडी केली. "ही लाइन देवमाशांसाठी आहे. तुमचं दुःख मला कळतं, पण पुन्हा असं झालं तर खोलीला कुलूप लावीन. आणि बोटीवर लोक असताना ती शोधाबिधाला जाणार नाही. काही झालं तर जबाबदार कोण?" बाबा नुसतं "बरं" म्हणाले.

आणि त्या सकाळी ते रोजच्यासारखे थर्मास घेऊन निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"तुम्ही जाताय? देवमासे शोधायला?"

"काम आहे," ते म्हणाले.

"पोटचा पोर तिकडे पाण्यात आहे आणि तुम्हाला काम आहे? दगड आहात तुम्ही, बाबा."

त्यांनी थर्मासचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं, मला हाताने हळूच बाजूला सारलं आणि जिना उतरले. खाली शेजारच्या दारात लंबूची आई उभी होती. ती त्यांना काहीतरी म्हणाली. मी खिडकी लावून घेतली. त्या बाईचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती. होडी गेली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, धाकटा जावं की नको करत होता, आणि तिचा लेक आमच्या खिडकीखाली उभा राहून ओरडला होता, "चल रे, आभाळ काय रोजच तोंड वाकडं करतं!" मी स्वतः ऐकलं होतं. माझ्या मनात धाकट्याला बुडवणारा समुद्र नव्हता, लंबू होता.

बोट बंदराबाहेर पडली. गाईड पोरगी माइकवर तिचे ठरलेले विनोद करू लागली. देवमाशाची जीभ हत्तीएवढी, म्हणजे सासूबाईंपेक्षा थोडी लहान. लोक हसले. टोपीवाले आजोबा सगळ्यात मोठ्याने हसले. मी मागच्या कठड्याला धरून पाणी बघत होते. वादळ जाऊनही लाटा चांगल्याच होत्या. प्रत्येक लाटेच्या पोटात काळं काहीतरी दिसायचं, आणि लाट फुटली की खाली नुसतं पाणी. डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणतात ते काय असतं, ते त्या दिवशी कळलं. मावळतीकडे तर दाट धुकं होतं, तिथे बघून उपयोगच नव्हता.

मी कप्तानाच्या केबिनमध्ये गेले. "वादळापासून पाणी मावळतीकडे ओढतंय. तिकडे घे ना."

"धुक्यात?"

"कडेकडेने तरी."

"मला कळत नाही का पाणी कुठे ओढतंय ते?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझा भाऊ माझ्या लग्नात रात्रभर नाचलाय." मग त्याने वायरलेसकडे बोट दाखवलं. मालक बंदरावरच्या ऑफिसात तो दिवसभर चालू ठेवतो, आमचा शब्द न शब्द ऐकतो. "काका सांगतील तिकडे जायचं. माझ्या हातात काही नाही."

तेवढ्यात बाबांचा आवाज आलाच. "मासा. उगवतीला, खडकांच्या पुढे. मोठी मादी आहे, पिल्लू घेऊन."

उगवतीला! माझ्या भावाकडे पाठ करून आमची बोट उगवतीला वळली. वळवणारा माझा बाप.

देवमासे दिसले, अगदी जवळून. काळीभोर पाठ वर आली, फवारा उडाला, आणि त्याचे तुषार सगळ्यांच्या अंगावर आले. देवमाशाच्या श्वासाला नासक्या माशांची घाण येते, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. पण लोकांना त्याचंही कौतुक. एक बाई रडायलाच लागली. माझा हात धरून म्हणाली, "आयुष्याचं सार्थक झालं हो!" मला तिला उचलून पाण्यात टाकावंसं वाटलं. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून पोहत होतं, आई जरा थांबायची, पिल्लू जवळ आलं की पुढे जायची. मी पिशव्यांचा गठ्ठा उगाच पुन्हा लावत बसले.

कप्तान लोकांचे फोटो काढायला बाहेर गेला तेव्हा मी केबिनमध्ये घुसून वायरलेस उचलला. मालक ऐकतोय तर ऐकू दे.

"बाबा, मी बोलतेय. मावळतीला बघताय का? एकदा तरी बघा. तुमच्या पाया पडते."

मग बाबा म्हणाले, "तू बोटीवरचं काम बघ."

एवढंच. आई तर कधीच वारली होती, भाऊ हरवला होता, आणि त्या क्षणी बापही नाही असं वाटलं. मी खाली शौचालयात जाऊन तोंडात बाही कोंबून रडले. बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं, "ताई, लवकर करा, मळमळतंय." मी तोंड धुतलं आणि त्याला पिशवी दिली.

परतीची वेळ झाली. ऊन वर आलं होतं, धुकं विरत चाललं होतं. कप्तानाने बोट बंदराकडे वळवली, गाईडने माइक बंद करून बिस्किटाचा पुडा फोडला. आणि वायरलेस बोलला.

"मासा. मावळतीला. खूप आत."

कप्तान वैतागला. "काका, परत निघालोय. तिकडे जाऊन यायचं म्हणजे उशीर होईल."

"झोपलेला आहे," बाबा म्हणाले. "पाठ वर आहे. हलत नाही. असा पुन्हा मिळायचा नाही."

काही देवमासे असे झोपतात, पाण्यावर पाठ ठेवून, निपचित. वर्षातून एखादवेळी दिसतात. कप्तान काही बोलणार, तोच मध्येच मालकाचा आवाज आला, एकदम खुशीत, "अरे जा, जा! लोकांना झोपलेला देवमासा दाखव. उशीर झाला तर होऊ दे."

बोट मावळतीला निघाली. मी पुन्हा कठड्याला जाऊन उभी राहिले. निदान या बाजूचं पाणी तरी बघायला मिळत होतं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग गाईड पोरीने हात वर केला आणि कुजबुजली, "तो बघा!"

लांब पाण्यावर एक काळी पाठ होती. लाटेबरोबर हळूच वर जात होती, खाली येत होती. तिच्यावर पांढरे पक्षी बसले होते. झोपलेल्या माशाजवळ जायचं नाही, ठरलेल्या अंतरावर इंजिन बंद करायचं आणि बोलायचं नाही, असा नियम आहे. कप्तानाने इंजिन बंद केलं. सगळी बोट चिडीचूप झाली. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. मोबाइल वर झाले. टोपीवाल्या आजोबांनी तर टोपीच काढली.

"काका, पोचलो," कप्तान वायरलेसवर हळू आवाजात म्हणाला. "थांबलोय."

मग बाबा म्हणाले, "जवळ जा."

"काका, झोपलाय ना तो? अंतर..."

"जवळ जा."

एकदा एका कप्तानाने झोपलेल्या माशापाशी जरा जास्तच बोट नेली होती, तेव्हा बाबांनी सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा त्याचा उद्धार केला होता. तो माणूस आठवडाभर तोंड लपवत होता. तेच बाबा "जवळ जा" म्हणत होते. बाबांना मासा दिसलाच नव्हता. जन्मात पहिल्यांदा बाबा खोटं बोलले होते, कारण खरं सांगितलं असतं तर कोणी तिकडे आलं नसतं.

मी त्या पाठीकडे नीट बघितलं. तिच्या मधोमध एक सरळ धार होती. कुठल्याही देवमाशाच्या पाठीला अशी सुतासारखी सरळ धार नसते. होडीच्या तळाला असते.

"आमची होडी आहे!" मी ओरडले. "कप्तान, आमची होडी आहे, पालथी पडलीय!"

कप्तानाने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि इंजिन चालू केलं. लोक चिडले. "अहो, उठेल ना तो!" मघाची रडकी बाई म्हणाली. "नियम आहे ना तुमचा?" आवाजाने पक्षी उडाले. आणि पक्षी उडाल्यावर होडीच्या तळावर जे उरलं, ते सगळ्यात आधी एका लहान मुलीने ओळखलं. "आई," ती म्हणाली, "तिथे माणूस झोपलाय."

एकच माणूस होता. तळाच्या धारेला दोन्ही हातांनी कवटाळून, तोंड पलीकडे करून पालथा पडला होता. कधी देवाचं नाव न घेणारी मी, आठवतील तेवढ्या सगळ्या देवांना हाका मारत होते. धाकटाच आहे. तसेच केस आहेत. तसाच शर्ट आहे. ओले केस आणि ओले शर्ट सगळ्यांचे सारखेच दिसतात. आणखी जवळ गेल्यावर त्याचे पाय दिसले. गुडघ्यापासून खाली पाण्यात बुडालेले, लांबच लांब. आमच्या घरात एवढे लांब पाय कोणाचेच नाहीत.

कप्तान आणि टोपीवाले आजोबा, दोघांनी मिळून लंबूला आत ओढून घेतलं. त्याची छाती वरखाली होत होती. खरं तेच सांगते, मला त्याचा राग आला. तो जिवंत होता म्हणून राग आला. त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं की माझा कुठे आहे, माझा कुठे टाकून आलास. पण त्याचे ओठ फाटून काळे पडले होते, बोटांची कातडी सोलवटली होती. मी खाली बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

त्याने डोळे किलकिले केले. "ताई," तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसती हवा. "मी हात धरला होता त्याचा. दोन रात्री धरला होता." मग म्हणाला, "मला झोप लागली."

केबिनचं दार उघडंच होतं. वायरलेसवर बाबांचा आवाज आला. आता मासा वगैरे काही नाही, सरळ मला हाक. "पोरी."

मी कप्तानाकडे हात केला, त्याने तो माइक तारेसकट बाहेर ताणून माझ्या हातात दिला.

"इथून एकच दिसला," बाबा म्हणाले. "धुकं गेलं तेव्हा दिसला. कोण आहे ते कळलं नाही. सांग."

कप्तान पुढे होऊन म्हणाला, "काका, लंबू आहे."

खरखर. मालक मध्येच म्हणाला, "अहो काका, हा काय प्रकार..." आणि स्वतःच थांबला.

"श्वास आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"थेंब थेंब पाणी द्या त्याला. घटाघटा देऊ नका. कोरडं काहीतरी गुंडाळा." मग म्हणाले, "कप्तान, बोट वळव."

"नाही!" मी ओरडले. "बाबा, आत्ता कुठे आपण इथे पोचलोय! इथेच कुठेतरी असेल तो. जॅकेट असेल त्याच्या अंगावर, तरंगत असेल. कप्तान, वळवायची नाही बोट!"

कप्तान लंबूच्या मनगटावर बोटं ठेवून बसला होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मला कळत होतं. हा तासभरही काढेल की नाही, याचा भरवसा नव्हता. आजूबाजूला सगळे पर्यटक उभे होते, आपापली जॅकेटं काढून पुढे करत होते, कोणी स्वेटर, कोणी शाल. मोबाइल केव्हाच खाली गेले होते.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या पाया पडते. एकदा खोटं बोललात ना? आणखी एकदा बोला. सांगा तिकडे काहीतरी दिसतंय. तुम्ही सांगितलंत तर जाईल तो. थोडंच पुढे. बाबा, सांगा ना."

पलीकडे बाबा श्वास घेत होते, तो ऐकू येत होता. ते दुर्बीण फिरवत असणार. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू, एकही लाट न सोडता, जशी ते रोज फिरवतात.

"काही दिसत नाही गं," ते म्हणाले. "सगळीकडे बघितलं. काही दिसत नाही. त्या पोराला त्याच्या आईकडे घेऊन ये."

कप्तानाने बोट वळवली. मी त्याला अडवलं नाही. बाबांना वाटलं असेल की त्यांनी बटण सोडलंय, पण ते दाबलेलंच राहिलं होतं. एकाने बटण दाबून ठेवलं की त्या लाइनवर दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही. दवाखान्याची गाडी बोलवायला कप्तानाला मोबाइल काढावा लागला. बंदर येईपर्यंत बोटीवरच्या सगळ्यांनी माझ्या बाबांचं रडणं ऐकलं. वायरलेसचा आवाज कमी करायला कोणी उठलं नाही. मी बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन लंबूच्या ओठांवर थेंब थेंब सोडत राहिले.